भूतान आपल्याकडूनही रोज १२०० रुपये घेतो, हे शेजाऱ्याला शोभतं का?

तुम्ही विचारलंय की भारत भूतानला एवढी मदत करतो, आपल्याला व्हिसासुद्धा लागत नाही, मग माणशी रोज १२०० रुपये कशाचे? आणि शेजारी देशांनी मिळून पर्यटन सांभाळायचं म्हणतात, ते असंच का? तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सहा रात्री, असा तुमचा बेत आहे.

आधी या पर्यटन शुल्काचा हिशेब सांगते. मोठ्यांचे रात्रीला १२००, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. म्हणजे तुमचे रात्रीचे ३००० आणि सहा रात्रींचे १८,००० रुपये. रक्कम लहान नाही, मला मान्य आहे. मी पुण्याहून भूतानला गट घेऊन जाते, आणि नोंदणीच्या वेळी हा आकडा सांगितला की समोरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो, हे दर वेळी बघते. तरीही मला हे शुल्क योग्य वाटतं. मात्र एकट्या भूतानने ते लावून काम भागत नाही, असंही माझं ठाम मत झालंय.

भूतानने परदेशी पर्यटकांना १९७४ साली दार उघडलं तेव्हा वर्षभरात २८७ जण आले होते. २०१९ साली आले ३,१५,५९९. देशाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास. इतर परदेशी पर्यटकांना सुरुवातीपासून दिवसाची ठरावीक रक्कम भरावी लागायची, पण भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या लोकांना ती माफ होती. त्या सव्वातीन लाखांतले जवळजवळ तीन चतुर्थांश आपण भारतीयच होतो. म्हणजे गर्दी आवरायचा जो नियम होता, तो बहुतेक गर्दीला लागूच नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या संसदेने ही माफी काढली. पुढे कोरोनात सीमा बंद झाल्या आणि प्रत्यक्षात आपण पैसे भरायला लागलो ते सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडल्यावर. इतर परदेशी लोकांना तेव्हा रात्रीला २०० डॉलर केले होते, वर्षभरात ते १०० वर आणले. आपले १२०० तेव्हाही होते, आताही आहेत. शेजारी म्हणून सवलत आजही मिळतेच आहे.

आता दोचुला खिंडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं मत तिथे बदललं.

राजधानी थिंफूहून पुनाखाला जाताना साधारण तासाभरात दोचुलाची खिंड लागते, तीन हजार मीटरच्या वर. धुकं असलं तर समोरचा माणूस दिसत नाही, आणि अचानक निवळलं तर हिमालयाची अख्खी रांग उभी. तिथे एका उंचवट्यावर गोलाकार १०८ छोर्तेन, म्हणजे लहान बौद्ध स्तूप, बांधलेले आहेत, पांढऱ्या भिंती आणि वर लाल पट्टा. आपले लोक बसमधून उतरले की पहिल्यांदा फोटोच काढतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातून गेलेल्या बाइकस्वारांच्या गटातला एक जण तिथल्या एका छोर्तेनवर शिडीने चढला, वर उभा राहिला आणि त्याने फोटो काढून घेतला. तो फोटो व्हायरल झाला आणि भूतानमधले लोक फार दुखावले. शुल्काची चर्चा त्याआधीपासून चालू होती, त्या फोटोमुळे ते लागलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या माझ्या फेरीत आमचा गाइड खिंडीत नेहमीपेक्षा हळू बोलत होता. गटातल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी त्याला विचारलं, "हे कोणाच्या आठवणीत बांधलंय, बाळ?" तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, हमारे फौजियों के लिए."

डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने देशाच्या दक्षिणेतल्या जंगलांत कारवाई केली होती. तिथे तळ होते ते आसाम आणि उत्तर बंगालमधल्या बंडखोर संघटनांचे. भारताविरुद्ध लढणाऱ्या लोकांना हुसकावताना भूतानचे जे जवान गेले, त्यांची ती जागा आहे. काकूंनी हे ऐकलं आणि चपला काढून छोर्तेनना उजवीकडून एक फेरी घातली. त्यांच्या मागून आणखी सहा-सात जण गेले. मी त्याआधी कितीतरी वेळा तिथे गट नेले होते, आणि ही गोष्ट एकाही गटाला सांगितली नव्हती. ती सांगणं माझं काम होतं. पैसे घेऊन माणसं पाठवणारी बाजू आपली, आणि आपण त्यांना काहीही न सांगता पाठवत होतो.

म्हणून मला वाटतं की सहकार्य पाठवणाऱ्या देशाकडून सुरू व्हायला हवं. सीमेवर, बंगालमधल्या जयगावच्या बाजूला, भूतानच्या फुंतशोलिंगच्या कमानीच्या अलीकडे, भारतीय पर्यटकाला अर्धा तास बसवून नियम आणि रीतभात सांगणारं कोणी का असू नये? झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, टोपी काढायची, मंदिरात फोटो नाही, रस्त्यावर हॉर्न वाजवायचा नाही, या साध्या गोष्टी असतात. आपले टूरवाले, त्यांचे गाइड, दोन्हीकडची पर्यटन खाती, सगळ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची. एका देशाने शुल्क लावलं म्हणून लोक घरी बसत नाहीत, शेजारी जातात. भूतानचं शुल्क सुरू झाल्यावर माझ्याकडच्या निम्म्या चौकशा सिक्कीम-दार्जिलिंगकडे वळल्या. तेच मे महिन्याचे दिवस, त्याच सुट्ट्या. लाचुंग-लाचेनला जायला एकच रस्ता आहे, आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटून तीस्तेला पूर आला तेव्हा तो तुटला. उत्तर सिक्कीममध्ये पर्यटक अडकून पडले. आमचा गट तेव्हा पश्चिम सिक्कीममधल्या पेलिंगला होता, म्हणून बचावलो. पण फोनवर आमच्याकडच्या घरच्यांचे आवाज अजून आठवतात. सिक्कीमनेही आपल्या परीने खूप केलंय: बाटलीबंद पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर २०२२ पासून बंदी, २०२४ पासून पर्यटकांच्या गाडीत कचऱ्याची मोठी पिशवी सक्तीची. भूतान इकडे माणसं मोजतो, सिक्कीम तिकडे कचरा आवरतो, आणि कोणत्या आठवड्यात कोणाकडे किती झेपेल हे दोघं एकमेकांना विचारत नाहीत. हिमालय मात्र एकच आहे.

करार झालेच नाहीत असं नाही. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूतच मोटार वाहन करारावर सह्या केल्या, म्हणजे एकमेकांच्या गाड्या सीमेपलीकडे सरळ जाव्यात. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो मंजूर केला नाही. एवढ्या लहान देशात बाहेरच्या गाड्या आल्या तर रस्ते आणि हवा दोन्ही जातील, ही त्यांची भीती होती. पुढे भूतानने बाकीच्या तिघांना सांगितलं, तुम्ही पुढे चला. मला हा नकार शेजारधर्माला धरूनच वाटतो. वाहतूक सोपी करणं आणि पर्यटन टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीलाच सहकार्य म्हणायची सवय आहे. (त्याच न्यायाने, २०२३ मध्ये भूतानने शुल्क भरणाऱ्यांना करमुक्त सोनं द्यायला सुरुवात केली, ते मला मुळीच आवडलं नाही. सोन्यासाठी आलेला माणूस ताक्तसांगचा कड्यावरचा मठ बघायला कशाला चढेल?)

चांगलं काय चाललंय ते बघायचं असेल तर मानसला जा. आसामच्या बाजूला मानस राष्ट्रीय उद्यान, पलीकडे भूतानचं रॉयल मानस. आसामच्या मानसला १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, अशांततेमुळे १९९२ मध्ये ते धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं आणि २०११ मध्ये बाहेर आलं. दोन्हीकडचे वनकर्मचारी मिळून कॅमेरे लावून वाघ मोजतात, कारण वाघ तेच आहेत. मी माथानगुरीला नदीकाठी उभी होते, समोरचा डोंगर भूतानचा. आमच्या वनरक्षकाने पलीकडच्या झाडाकडे बोट केलं, सोनेरी वानर होतं. तो म्हणाला, सकाळी ते इकडे होतं.

तुमच्यासाठी कामाचं: मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, आधारकार्डावर अडवतात. मुलांचे जन्मदाखले मूळ प्रत घेऊन जा. थिंफू-पारोच्या पुढे पुनाखाला जाणार असाल तर गाइड घ्यावाच लागतो. आणि दोचुलाला पोचण्याआधी, गाडीतच, मुलाला त्या १०८ छोर्तेनबद्दल सांगा. दहा वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.