बेल्ट नवा, तरी जळक्या रबराचा वास का?

प्रश्न : काका, माझी सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. दिवाळीनंतर बोनेटमधून रबर जळाल्यासारखा वास यायला लागला म्हणून गॅरेजवाल्यानं फॅन बेल्ट बदलला. महिनाभर बरं गेलं. आता सकाळी गाडी सुरू करून एसी लावला की 'कीं' असा आवाज होतो आणि तोच वास येतो. त्यातच मागच्या महिन्यात वणीच्या गडावरून उतरलो आणि नांदुरीत चहाला थांबलो, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ जळका भपकारा आला. बेल्ट पुन्हा बदलू का? चैत्रात आईला गडावर न्यायचं आहे.
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, बेल्ट बदलायची घाई करू नका. तुमच्या पत्रात एक नाही, दोन बिघाड आहेत आणि दोन्हींचा वास नाकाला सारखाच लागतो. त्यातला चाकाचा बिघाड आधी बघा. बोनेटचा आवाज चार दिवस थांबेल, ब्रेक थांबणार नाही.

गडाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून गाडी आणली तर कुठल्याही गाडीचे ब्रेक तापून वास मारतात. पण मग तो पुढच्या दोन्ही चाकांशी यायला हवा. तुम्हाला एकाच चाकाशी आला, म्हणून मला शंका आहे की त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतं. घरीच तपासा : सकाळी मोकळ्या रस्त्यावर, गंगापूर रोडला वगैरे, आठ-दहा किलोमीटर जा, ब्रेक कमीत कमी वापरा आणि गाडी हळूहळू थांबू द्या. मग प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या. चाकाला किंवा डिस्कला हात लावू नका, भाजेल. डाव्या चाकाशी झळ जास्त लागली तर निदान जवळपास पक्कं. गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायला सांगा, ते जड फिरेल.

बहुतेक वेळा कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून गंजलेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं आतले रबर फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. पिना मोकळ्या असूनही चाक जड फिरलं तर पॅड ढकलणारा पिस्टन आणि ब्रेकचा होज, म्हणजे ऑइलची नळी, बघावी लागेल. पॅड काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला, एकाच बाजूचे कधीच नको.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही आत्ताच बदलून घ्या. डॉट ३ ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषला की १४० अंशांवरच उकळू शकतं. मग ऐन घाटात पेडल मऊ पडतं. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, कारण मागच्या सीटवर तुमची आई असणार आहे.

आता बेल्ट. महिनाभर बरा चालला, यातच बरंचसं उत्तर आहे. नवा बेल्ट पुलीच्या, म्हणजे तो ज्या चाकांवर फिरतो त्यांच्या, खाचांत बसला की थोडा सैल होतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आपोआप ताण धरणारा टेन्शनर नसतो, बोल्ट फिरवून बेल्ट परत ताणावा लागतो. ते राहून गेलं असणार. एसी लागला की कॉम्प्रेसरचा भार येतो, सैल बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि वास येतो. एसी बंद ठेवून हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून बघा. तेव्हाही आवाज आला तर ताण किंवा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासा. फक्त एसीवरच आला तर कॉम्प्रेसरकडेही लक्ष द्या.

बेल्ट ताणण्याआधी तो उतरवून प्रत्येक पुली हातानं फिरवायला सांगा. हे काम आमच्या धंद्यात हटकून टाळलं जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. एखादी पुली वाळू भरल्यासारखी खरखरली तर तिचं बेअरिंग गेलं आहे. ते न बदलता कितीही भारी बेल्ट घातला तरी तो जळणारच. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट टपकतंय का हेही पाहा. आवाज बंद करायला साबण घासणं किंवा स्प्रे मारणं मात्र नको, त्यानं दुखणं फक्त झाकतं. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला थांबा. बेल्ट तुटला असेल आणि वॉटर पंपही त्यावरच फिरत असेल, तर इंजिन काही मिनिटांत तापतं.

चढताना वास आला असता तर मी क्लच म्हटलं असतं. वळणावर एसटीच्या मागे थांबावं लागलं तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. उतरताना दुसरा गिअर ठेवा, तीव्र वळणांवर पहिला, आणि न्यूट्रल कधीही नाही.

चैत्रोत्सवाच्या गर्दीत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, म्हणून यात्रेआधीचा किंवा नंतरचा दिवस धरा. वर गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे आईंना सगळ्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. पण चाक मोकळं फिरल्याशिवाय ही गाडी घाटात नेऊ नका.

प्रश्न : एसीचा ब्लोअर लावला की आत जळक्या प्लास्टिकचा वास येतो. गाडी पार्किंगमध्ये बरेच दिवस उभी होती.
– एक वाचक, सिडको

उत्तर : हा रबराचा वास नाही, वायरचा असू शकतो. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, आपल्याकडे हे नेहमीचं आहे. ब्लोअर लावू नका, जास्त अँपिअरचा फ्यूज घालून बघूही नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला गाडीजवळ बोलवा, गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका.