इनेला जाशील तेव्हा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. जपानात क्योतोला मुक्काम आणि त्यातला एक दिवस इने या समुद्रकाठच्या मच्छीमार गावाला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कागदावर ते जमतं. क्योतोहून आमानोहाशिदातेपर्यंत एक्सप्रेसने दोन तास, पुढे बसने साधारण तासभर. म्हणजे तू जेवणाच्या सुमारास पोचशील, आणि तुझ्यासारखाच हिशोब केलेले बाकीचे सगळेही तेव्हाच पोचलेले असतील. अरुंद रस्त्यावर हातात मोबाइल घेऊन माणसं, मागे अडकलेली एखादी मोटार, हॉटेलाबाहेर रांग. संध्याकाळी परत येऊन मला लिहिशील, "सर, शांत वगैरे काही नव्हतं." क्योतोतली एक रात्र कमी कर आणि ती इनेला दे. जायचं असेल तर राहायला जा, नाहीतर आमानोहाशिदातेलाच थांब. तिथला 3.6 किलोमीटरचा पाइनच्या झाडांचा वाळूचा पट्टा चालून येण्यात दिवस छान जातो.

आता त्या गावाबद्दल. फोटोत तू पाहिलेली, पाण्यात पाय बुडवून उभी असलेली लाकडी घरं म्हणजे फुनाया. खाली होडी, वर माळा. उपसागराच्या साधारण 5 किलोमीटरच्या काठाने अशा 230च्या आसपास फुनाया आहेत. आपल्याकडे हर्णैला किंवा वर्सोव्याला कुणी असं घर का बांधलं नाही, याचा विचार केलायस? मुंबईत उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं आणि उतरतं. असं घर सकाळी बुडेल आणि दुपारी चिखलात उभं राहील. जपानच्या या पश्चिमेकडच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, इनेला पाण्याच्या पातळीतला फरक फार तर अर्धा मीटर. त्यात हा उपसागर दक्षिणेकडे उघडतो, म्हणजे हिवाळ्यातले उत्तरेकडचे वारे पाठीमागचा डोंगर अडवतो. आणि तोंडाशी आओशिमा नावाचं झाडीने भरलेलं, वस्ती नसलेलं बेट आडवं पडलंय, ते लाटा अडवतं. या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या म्हणून ही घरं उभी राहिली. बसमधून उतरल्यावर आधी हे डोळ्यांनी तपासून बघ. डोंगर कुठे, बेट कुठे, काठाच्या दगडांवर पाण्याची ओली रेघ केवढी. मग फोटो काढ.

होडी घरात घ्यायचं कारणही साधं आहे. लाकडी होडी पाण्यात राहिली की कुजते, किडते, म्हणून काम संपलं की वर ओढून वाळवायची. जाळी वरच्या माळ्यावर. आता होड्या फायबरच्या झाल्या, मोठ्या झाल्या, खाली मावत नाहीत, म्हणून बऱ्याचशा बाहेर धक्क्याला बांधलेल्या दिसतील. काही माळ्यांवर पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, तू त्यातल्याच एखादीत राहशील.

एक गोष्ट मात्र जाण्याआधीच समजून घे, कारण बहुतेकांना ती परत आल्यावरही कळलेली नसते. फुनाया म्हणजे घराचा अर्धा भाग. माणसं राहतात ते मुख्य घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. मधून जाणारा रस्ता 1930च्या दशकात झाला, त्याआधी शेजाऱ्याकडे जायचं तरी होडी काढावी लागे. म्हणजे तू ज्या रस्त्यावरून चालणार आहेस, तो कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या आणि होडीघराच्या मधला रस्ता आहे. आजी भाजी घेऊन हा रस्ता ओलांडते, ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असते. 2005 मध्ये सरकारने या वस्तीला पारंपरिक वास्तूंचा जतन-विभाग म्हणून मान्यता दिली, मच्छीमार वस्तीला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यामुळे घरांचं रूप टिकलं, पण गाव काही संग्रहालय झालं नाही. अख्ख्या इने नगराची लोकसंख्या 2,000च्या आसपास आहे आणि त्यात म्हातारी माणसं पुष्कळ.

म्हणून दोन फुनायांच्या मधली बोळ दिसली आणि पलीकडे पाणी चमकताना दिसलं, तरी आत शिरू नकोस. ती सार्वजनिक नाही. फाटक नाही, पाटी नाही, कुणी ओरडणारही नाही, पण कुणाच्या तरी मागच्या दारी तू उभी असशील. उघड्या दारातून आतलं सामान छान दिसतं म्हणून कॅमेरा आत वळवायचा नाही. तुला पाण्याकाठी बसायचंय ना? तुझ्या मुक्कामाच्या घराचा काठ तुझाच आहे, तिथे हवं तेवढं बस. समोरून फुनाया बघायच्या तर पर्यटकांची बोट आहे, साधारण 25 मिनिटांची फेरी. बोटीवर लोक सीगलना खाऊ टाकतात आणि त्यांच्या मागोमाग घारी येतात. हातातला पदार्थ घार उचलते ती नखासकट, तेव्हा तो खेळ तू दुरूनच बघ. वरून बघायचं तर डोंगरावरच्या विश्रांतीस्थळाशी चढून जा, अख्खा उपसागर एका नजरेत येतो. क्योतोच्या टुरिस्ट पत्रकांवरचे फोटो तिथूनच काढलेले असतात, त्यामुळे वर पोचल्यावर "हे तर पाहिलंय" असं वाटेल. वाटू दे.

संध्याकाळी काय करायचं, असं तू विचारलंयस. काही नाही. दुकानं लवकर बंद होतात, शेवटची बस लवकर जाते, आणि तुझ्या खोलीखाली पाणी असतं. त्या पाण्यावरून आवाज फार लांब जातो, हे मात्र लक्षात ठेव. खिडकी उघडी ठेवून मैत्रिणीशी गप्पा मारल्यास तर समोरच्या काठावरच्या माणसाला मराठी शिकता येईल. गाव लवकर झोपतं याचं कारण त्याला पहाटे उठायचं असतं. इथली मुख्य मासेमारी मोठ्या स्थिर जाळ्यांची, म्हणजे समुद्रात कायम लावून ठेवलेल्या जाळ्यांची. उजाडण्याआधी बोटी त्या जाळ्यांवर जातात आणि सकाळी माल घेऊन धक्क्याला येतात. पर्यटकाला जी शांतता आवडते, ती खरं तर कामाचं वेळापत्रक आहे.

तू पहाटे ऊठ. धक्क्यावर मासळी उतरताना बघ, पण कडेला उभी राहून. दोर ताणलेले असतात, फोर्कलिफ्ट मागे येतो, फरशी बर्फाच्या पाण्याने निसरडी असते. गावातले लोक बादल्या घेऊन ताजी मासळी न्यायला येतात, त्यांच्या मधे घुसायचं नाही. फोटो काढण्याआधी विचार, आणि मान हलली नाही तर कॅमेरा खिशात. तू जपानी शिकलीयस, बोलण्याची हौस असणार. बोल जरूर, पण माल उतरून झाल्यावर. आणि आजींना परीक्षक समजून व्याकरण तपासून घेत बसू नकोस. इने क्योतो प्रांतात असलं तरी तिथली बोली क्योतो शहराची नाही. पहिला अर्धा तास तुला काही कळणार नाही. कोल्हापूरच्या माणसाने मालवणात उतरावं, तसं होईल. हसून मान डोलवलीस तरी गप्पा पुढे सरकतात.

काठावर दिसणारे शंख-शिंपले, समुद्री शेवाळ उचलू नकोस, हे मी जरा दरडावून सांगतो. आपल्याकडे दगडावरची कालवं काढली तर कुणी विचारत नाही. जपानात किनाऱ्याजवळच्या अशा जिवांवर स्थानिक मच्छीमार संघटनेचा हक्क असतो आणि तो मोडला तर दंड होतो. अबालोन नावाचा मोठा शिंपला आणि सी-ककंबर यांच्यासाठी तर डिसेंबर 2020पासून 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 कोटी येनपर्यंत दंड अशी तरतूद आहे. "आम्हाला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

खाण्याचं. तू बांगडा-सुरमई खाणारी, तुझं काही अडणार नाही. हिवाळ्यात गेलीस तर बुरी नावाचा मोठा, तेलकट मासा खा. त्याच्या पातळ चकत्या उकळत्या रस्श्यात क्षणभर हलवून खातात. हेशिकोही चाखून बघ. बांगड्याच्या कुळातला मासा आधी मिठात आणि मग तांदळाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने मुरवलेला असतो. आपल्या सुक्या मासळीत वाढलेल्या माणसालाही पहिला घास दचकवतो. छोटा तुकडा, भरपूर भात. गावात 1754 पासून चालत आलेली मुकाई नावाची साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, भट्टी आहे, तिथे एक स्त्री मुख्य साके-कारागीर आहे आणि त्यांची लाल तांदळाची गुलाबी साके प्रसिद्ध आहे. पीत नसशील तर वडिलांसाठी बाटली घे, मला आणलीस तरी माझी तक्रार नाही.

काळजी आहे ती तुझ्या शाकाहारी मैत्रिणीची. "मासा नको" एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, उकडलेली भाजी, नूडल्सचं पाणी, सगळ्यांत दाशी नावाचा पातळ अर्क असतो, आणि तो बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा. वाढणाऱ्याच्या मते त्यात मासा नसतो, कारण तुकडा दिसत नाही. मच्छीमार गावात आयत्या वेळी शाकाहारी जेवण मागणं म्हणजे यजमानाला लाजवणं आहे, त्याला नाही म्हणता येत नाही आणि करताही येत नाही. बुकिंग करतानाच जपानीत स्पष्ट लिही: मांस, मासे, माशाचा दाशी, काहीच चालत नाही. त्यांनी जमणार नाही असं कळवलं तर ते प्रामाणिक उत्तर समज आणि फक्त खोली घे. तसंही बऱ्याच मुक्कामांत रात्रीचं जेवण नसतंच, आणि गावातल्या मोजक्या हॉटेलांत आधी जागा धरावी लागते. ठेपले, मेतकूट, पाणी घातलं की होणारा उपमा बरोबर घ्या. कन्व्हीनियन्स स्टोअर पावलोपावली सापडेल, या भरवशावर राहू नका. जे काही लागेल ते आमानोहाशिदातेलाच घ्या, आणि कचरा परत घेऊन या. रस्त्यावर डबे नसतात.

हवा. त्या भागात म्हण आहे की जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. शरद ऋतूच्या अखेरीपासून पावसाची सर आणि ऊन आळीपाळीने येतात, पुढे बर्फ. बुरीसाठी जायचं तर थंडी सोसायची तयारी हवी. नुसतं फिरायचं असेल तर एप्रिलअखेर-मे किंवा ऑक्टोबर बरा, फक्त मेच्या पहिल्या आठवड्यातल्या त्यांच्या सलग सुट्ट्या टाळ.

वेळ उरला तर उराशिमाच्या देवळात जा. हे देवस्थान 825 सालचं मानतात आणि ते इने नगरातच आहे, मात्र उपसागरापासून दूर, बसने जावं लागतं. उराशिमा नावाचा कोळी समुद्राखालच्या राज्यात जाऊन येतो. थोडेच दिवस राहिलो असं त्याला वाटतं आणि परत येतो तर गावात त्याला ओळखणारं कुणी नाही, शतकं उलटून गेलेली. आपला ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात गेला आणि परतल्यावर युगं सरली होती, ती गोष्ट आठवतेय ना? तिथल्या माणसाला ही गोष्ट सांगून बघ. जपानीचा सराव करायचाच असेल तर यासाठी कर.

भूकंपाचं घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण इने ज्यावर आहे त्या तांगो द्वीपकल्पात 7 मार्च 1927 रोजी मोठा भूकंप झाला, जवळजवळ 2,900 माणसं गेली. 1 जानेवारी 2024च्या, याच किनाऱ्यावरच्या नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतरही या समुद्राच्या काठाला त्सुनामीचे इशारे दिले गेले. तू पाण्यावरच्या घरात झोपणार आहेस. सामान ठेवलं की आधी उंचावर जायची वाट कुठली ते विचारून घे आणि एकदा चालून बघ. जोराचा हादरा बसला तर इशाऱ्याची वाट न बघता वर जायचं, बॅग तिथेच सोडून.

तारखा ठरल्या की कळव. यजमानांना लिहायचं जपानी पत्र आधी तू लिही, मग मी बघतो.

तुझा,
सर

ता. क. जपान रेल पास घेणार असशील तर फुकुचियामाच्या पुढचा मार्ग क्योतो तांगो रेल्वेचा आहे, त्याचे पैसे वेगळे पडतात. कान्साई वाइड एरिया पास मात्र तिथे चालतो. तुझा बाकीचा प्रवास क्योतो-ओसाकापुरता असेल तर तोच घे. आणि बसमध्ये जाताना उजवीकडे बस, समुद्र त्या बाजूला आहे. सुटी नाणी जवळ ठेव.