क्रूझवर लेकरांना किती मोकळं सोडायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दारव्ह्याकडच्या, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर जाणार आहात, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी १३ ची. गावात दोघं दिवसभर मोकळी हिंडतात, मग जहाजावर किती सोडायचं, की हात धरूनच ठेवायचं, हा तुमचा प्रश्न. मागच्या उन्हाळ्यात हाच घोर मला लागला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पुलगावकडचे, कास्तकार. सासूसासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून मुंबईच्या भाऊजींनी सगळ्या घराला तीन रात्रींच्या क्रूझवर नेलं. मोठी सात, लेकरं चार: माझी मुलगी १२ ची, मुलगा ८ चा, भाऊजींचा १० चा आणि नणंदेचा १५ चा.

आधी मला वाटत होतं, आपली लेकरं वावरात, नदीकाठी वाढलेली, ती काय जहाजाला घाबरतात! पण गावात आपली लेकरं मोकळी असली तरी एकटी नसतात, हे मला तिथं गेल्यावर उमगलं. तान्हा पोळा आठवा. पाच-सहा वर्षांची पोरं चाकाचा लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात आणि आपण कुणी त्यांच्यामागे फिरत नाही. कारण प्रत्येक ओसरीवर कुणीतरी बसलेलं असतं. हे पोरगं कुणाचं, कोणत्या गल्लीतलं, हे त्याला माहीत असतं. पोरगं विहिरीकडे वळलं तर तिथली बाई हटकते आणि संध्याकाळी आपल्याला सांगतेही. जहाजावर दीड-दोन हजार माणसं असतात, म्हणजे एका गावाएवढी वस्ती. पण तुमचं लेकरू तिथं कुणीच ओळखत नाही. ते चुकीच्या जिन्यानं वर गेलं तर त्याला हटकणारं कुणी नाही. म्हणून मी वयावरून काही ठरवलं नाही. जहाजाचा जेवढा भाग लेकराच्या ओळखीचा झाला, तेवढ्यात त्याला मोकळं सोडायचं, एवढंच धरलं. वासराचं दावं आपण एकदम सोडत नाही, हात-हात वाढवतो, तसं.

पहिल्या दिवशी जहाजावर पाय ठेवल्यापासून दोन-अडीच तास आम्ही फक्त चाललो. चारही लेकरांना घेऊन सगळे मजले पाहिले. आपली केबिन कुठं, जेवणाची जागा कोणत्या मजल्यावर, रिसेप्शन कुठं, दवाखाना कुठं. मग परतीची वाट त्यांनी दाखवायची, मी मागे. जहाजाचं पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवा, कारण आतल्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या असतात, तोच गालिचा, तीच दारं. पुष्कळ जहाजांवर केबिनचे सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. तुमच्या जहाजावर तसं असेल तर मुलांनाच ते शोधून काढायला सांगा.

एवढं करूनही त्याच संध्याकाळी माझा धाकटा हरवला. आजीच्या केबिनमधून आमच्या केबिनमध्ये यायचं होतं, म्हणजे चाळीस पावलं. तो चुकून एक जिना खाली उतरला आणि तिथल्या तशाच गल्लीत, आमच्याच जागी असलेल्या दारासमोर उभा राहिला. केबिनची किल्ली म्हणजे एक कार्ड असतं, खरेदीही त्यावरच होते. ते लावून पाहिलं, दार उघडेना. आम्हाला तो सापडायला पंधरा मिनिटं लागली, आणि ती पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही, कारण बाहेर चहूकडे पाणी होतं. पण तो होता तिथंच, दाराला पाठ लावून बसलेला. म्हणाला, "आई, मी हाललोच नाही." शेगावला गर्दीत नेताना आम्ही त्याला दरवेळी बजावतो, की चुकलास तर आहेस तिथंच थांब, आम्ही तुझ्यापर्यंत येऊ. तेच कामी आलं. त्यानंतर आजीच्या केबिनपर्यंतची वाट मी त्याच्याकडून चार वेळा चालून घेतली आणि मग पुन्हा एकटं पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला धाडतं. पण त्या रात्री मी त्याला केबिनमध्येच बसवला असता तर तीन दिवस तो माझ्या पदराला धरून राहिला असता.

आता पाण्याचं. इथं मी काहीही ऐकून घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

आपल्याकडे शेततळी झाली तेव्हापासून लेकरं बुडण्याचं दुःख आपल्या ओळखीचं आहे. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, आणि उतार असा निसरडा की आत गेलेल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बाहेरून पाहावं तर पाणी एकदम शांत. जहाजावरचा पूल, म्हणजे पोहायचा तलाव, तसाच दिसतो. निळा, लहान, चहूकडे माणसं. पण जहाज हललं की ते पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला लोटतं आणि उभ्या लेकराचा पाय सुटतो. बुडणारं लेकरू हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलं की श्वासालाच जागा उरत नाही, तर ओरडणार कुठून? मिनिटाच्या आत होऊन जातं, हातभर अंतरावरच्या माणसाला कळतसुद्धा नाही. जगातल्या कित्येक जहाजांवर पूलापाशी जीवरक्षक नसतो, नुसती पाटी असते. तुमच्या जहाजावर आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. आणि असला तरी आपलं माणूस काठावर हवंच.

सात मोठी माणसं होती, त्यामुळे धोका कमी नाही, जास्त होता. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा पाहतोय. आम्ही मग मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, दुपट्टा वापरला. ज्याच्या खांद्यावर दुपट्टा, त्यानं पूलाकडे पाहायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, फोटो नाहीत. अर्ध्या तासानं दुसऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा द्यायचा आणि "आता तुझ्याकडे" असं तोंडानं म्हणायचं. मामाजी ७३ वर्षांचे, पण सगळ्यात चोख पाळी त्यांची. तुमचा ९ वर्षांचा कालव्यात, नदीत पोहत असला तरी तिथं हाच नियम ठेवा. १३ वर्षांच्या मुलीलाही एकटीनं पूलात उतरू देऊ नका.

बाल्कनीची केबिन घेतली असेल तर तिथंही तसंच. जहाजाचा कठडा साधारण मीटरभर उंच असतो, आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत येतो. पण तेच लेकरू खुर्चीवर चढलं की कठडा त्याच्या कमरेच्या खाली जातो. भाऊजींच्या केबिनला बाल्कनी होती. त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्च्या आत घेतल्या आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ते दार उघडायचं नाही असं ठरवलं. बाकी बाबतीत मी लेकरांचं ऐकून नियम सैल केले, पूल आणि बाल्कनीचे दोन मात्र शेवटपर्यंत केले नाहीत.

खाण्यापिण्यात मात्र सोडा. जेवणाच्या मजल्यावर आपल्या हातानं ताट वाढून घेणं, काय हवं ते विचारणं, टेबल शोधणं, हे मुलांना खूप मोठं वाटतं. आइस्क्रीम दोनदा खाल्लं तर खाऊ द्या. हात साबणानं धुवायला तेवढं लावा, जहाजावर पोटाचे आजार पटकन पसरतात. आणि मुलांच्या कार्डावरून खरेदी होणार नाही, असं रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी करून घ्या.

मुलीविषयी तुम्ही काही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण आमच्या घरात यावरून बोलणं झालं. माझी १२ वर्षांची दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी एकटी वरच्या डेकवर सूर्यास्त पाहून येते. सासूबाईंनी लगेच, "पोरीच्या जातीले एकटं काहून धाडतं?" आणि त्याच वेळी भाऊजींचा १० वर्षांचा एकटा बाहेर फिरत होता, त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला ते फार लागलं. माझी मुलगी चौघांत सगळ्यात भरवशाची. सांगितलेल्या वेळेला येते, वाट विसरत नाही. मी सासूबाईंना शांतपणे म्हटलं, जो नियम पोराला तोच पोरीला. अर्ध्या तासाची वेळ, ठरलेली जागा, आणि जागा बदलायची तर आधी येऊन सांगायचं. ती गेली आणि पंचविसाव्या मिनिटाला परत आली. तिनं आजीला सांगितलेलं त्या पाण्यावरच्या उन्हाचं वर्णन ऐकून दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्यासोबत वर गेल्या.

काळजी करायचीच तर मुलगा-मुलगी दोघांचीही सारखीच करा. घरच्यांची सोडून कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही आणि कुणाला आपल्या केबिनमध्ये घ्यायचं नाही. नवी मैत्रीण असो, खेळ घेणारा दादा असो, जहाजावरचा गोड बोलणारा काका असो. कुणी अंगाला हात लावला, किंवा "घरी सांगू नको" म्हणालं, की त्याच पावली आपल्याकडे यायचं, रागावणार नाही. हे मी चौघांना एकत्र बसवून सांगितलं, मोठ्या पोरालासुद्धा. लाज वाटली, पण सांगितलं.

१५ वर्षांच्या भाच्याचं गणित वेगळं होतं. त्याला रात्रीचं जहाज पाहायचं होतं, गाणी, खेळ, दिवे. त्याला कोंडून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. पण रात्री दारू चालते, आणि प्यायलेल्या माणसांत एकटं पोर नको. ठरलं असं, की ११ वाजेपर्यंत, बारच्या मजल्यावर नाही, आणि परतल्यावर माझं दार वाजवून "मामी, आलो" म्हणायचं. पहिल्या रात्री आला. दुसऱ्या रात्री ११:४० झाले. मामाजी धोतर नेसून गल्लीत येरझाऱ्या घालत होते. आला तेव्हा म्हणाला, "मामी, वेळ समजलीच नाही." मी ओरडले नाही. आजोबा झोपले नाहीत, एवढंच सांगितलं आणि शेवटच्या रात्री वेळ १० ची केली. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि पावणेदहालाच आला.

लेकरू ठरल्या वेळेला आलं नाही आणि दहा मिनिटांत ठरलेल्या जागी दिसलंही नाही, तर थेट रिसेप्शनवर सांगा. लोक काय म्हणतील, उगाच बोभाटा होईल, असा विचार करू नका. त्यांच्याकडे कॅमेरे असतात, माणसं असतात, ते लगेच कामाला लागतात. धाकटा हरवला तेव्हा मी आधी नातेवाइकांनाच हाका मारत बसले. ती माझी चूक होती.

सुटण्याआधीची सुरक्षा कवायत कंटाळवाणी वाटली तरी मुलांना घेऊन नीट करा. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकाला लागून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्यातल्या कित्येक प्रवाशांची तोवर कवायतच झाली नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. धोक्याचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. तो आमच्या लेकरांनी तोंडानं वाजवून पाठ केला. पण इशारा झाला तेव्हा लेकरू तुमच्याजवळ नसेल तर काय, हे तिथल्या माणसांना विचारून ठेवा. मुलांच्या क्लबमध्ये, म्हणजे जहाजावर मुलांना खेळवतात त्या जागी, असेल तर तिथले लोक त्याला कुठं आणणार? मोठं असेल तर त्यानं केबिनकडे पळत यायचं नाही, कवायतीत दाखवतात त्या आपल्या जमण्याच्या जागी थेट जायचं. आईबाप लेकराला शोधत खाली आणि लेकरू आईबापाला शोधत वर, असं होऊ नये.

क्लबचं सांगायचं तर बहुतेक जहाजांवर वयाप्रमाणे गट असतात. मोठ्या मुलांना एकट्यानं बाहेर सोडायचं की नाही, यावर अनेक ठिकाणी आईबापाची सही घेतात. ९ वर्षांच्यासाठी मी तरी "नाही" लिहीन.

समुद्रात मोबाइलला रेंज नसते आणि जहाजाचं नेटवर्क पकडलं तर बिल फार येतं, म्हणून फोन विमान मोडवर ठेवा आणि त्याच्या भरवशावर काहीच ठरवू नका. आमच्या कामाला आलं ते पुलगावच्या बाजारातलं साधं मनगटी घड्याळ, प्रत्येक लेकराला एक. आणि एक कागद. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, लोहचुंबक चिकटतं. त्याखाली कागद लावला. बाहेर जाणाऱ्यानं त्यावर कुठं आणि किती वाजेपर्यंत हे लिहायचं, मोठ्यांनीसुद्धा.

दिवाळीला अजून अवकाश आहे. तोवर दोघांना आठवडी बाजारात पाठवा, घड्याळ घालून, चार वस्तूंची चिठ्ठी देऊन, आणि परतायची वेळ सांगून. तुम्ही बाजाराच्या तोंडाशी थांबा, आत जाऊ नका. माझा धाकटा पहिल्यांदा वीस मिनिटं उशिरा आला होता, कोंबडीची पिल्लं पाहत बसला म्हणून. तिसऱ्या बाजारी वेळेवर आला, आणि मगच मी त्याच्या हातात जहाजाचं कार्ड दिलं.