बाबांना पार्किन्सन आहे, ट्रायलमध्ये प्लासिबो मिळू शकतो म्हणतात. भाग घ्यावा, की आत्यांनी शोधलेल्या क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. डॉक्टरांनी सुचवलेल्या ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत, बाबांच्या वाट्याला प्लासिबो म्हणजे बिनऔषधाची साखरेची गोळी आली तर वर्ष फुकट जाईल का? आणि त्यापेक्षा आत्यांनी शोधलेल्या क्लिनिकमध्ये काही लाख भरून स्टेम सेलचं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींचं, इंजेक्शन घेतलेलं काय वाईट, तिथे निदान औषध तरी मिळेल? मी एका न्यूरॉलॉजी विभागात बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. माझं मत आधीच सांगते: पहिल्याचा शांतपणे विचार करा, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

प्लासिबो म्हटलं की घरच्यांना वाटतं, चालू औषध काढून घेणार. आजार जुना झालेल्या पेशंटच्या ट्रायलमध्ये सहसा तसं नसतं. बाबांची सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी, आहे तशीच चालू राहते आणि तिच्या जोडीला नवं औषध किंवा हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी मिळते. कुणाला काय मिळालं ते कॉम्प्युटरने ठरवलेलं असतं. ते डॉक्टरांना माहीत नसतं, मलाही नसतं. नातेवाईक हळूच विचारतात, "मॅडम, आमच्यात खरं आहे ना?" त्यांना वाटतं मी मुद्दाम सांगत नाही.

आता एवढा खटाटोप कशाला? पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी पडतं, आणि "आता बरं वाटणार" या अपेक्षेनेही मेंदू डोपामिन सोडतो. हे नुसतं बोलणं नाही. २००१ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पेशंटना नुसतं सलाईन, म्हणजे बिनऔषधाचं मिठाचं पाणी, टोचून पेट (PET) नावाच्या मेंदूच्या स्कॅनवर ते मोजून दाखवलं. म्हणजे प्लासिबोने आलेला आराम खोटा नसतो, फक्त तो त्या औषधाचा नसतो. तो वेगळा काढायलाच प्लासिबोचा गट लागतो. त्याहून मजेशीर प्रयोग अमेरिकेत सिनसिनाटीला झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. बारा पेशंटना सांगितलं की एकाच औषधाचे दोन प्रकार आहेत, एकाचा डोस शंभर डॉलरचा, दुसऱ्याचा पंधराशेचा. दोन्हीत सलाईनच होतं. तरी महागड्या सलाईननंतर हालचाल जास्त सुधारली.

आता आत्यांचं क्लिनिक आठवा. चार-पाच लाख भरलेले, मोठी आशा, पाठीत सुई. महिनाभर बाबा खरोखर बरे चालतील आणि त्याचा व्हिडिओही निघेल. मग ओसरेल, तेव्हा "दुसरा डोस घ्यावा लागेल" असं ऐकायला मिळेल. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: मुख्यतः रक्ताच्या आजारांसाठी मान्य असलेलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर ट्रायलमध्येच करायचा, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. पार्किन्सनसाठी स्टेम सेलवर खरं काम चालू आहेच. २०२५ मध्ये जपान आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन छोट्या ट्रायल्सचे निकाल आले, एकीत सात पेशंटमध्ये पेशी सोडल्या होत्या, दुसरीत बारा. पण त्या पेशी प्रयोगशाळेत डोपामिन बनवण्यासाठी तयार केलेल्या होत्या, त्या शस्त्रक्रिया करून मेंदूच्या नेमक्या भागात सोडल्या गेल्या, आणि पहिला प्रश्न एवढाच होता की हे सुरक्षित आहे का. स्वतःच्याच कमरेतून काढून पाठीत टोचण्याशी याचा काही संबंध नाही.

नवं औषध म्हणजे चांगलंच, हाही गैरसमज. एक्सेनाटाइड हे मधुमेहाचं इंजेक्शन घ्या. २०१७ मध्ये लंडनच्या छोट्या ट्रायलमध्ये त्याने पार्किन्सनची वाढ मंदावल्यासारखं दिसलं, सगळ्या जगात आशा पसरली. मग ब्रिटनमध्येच १९४ जणांवर ९६ आठवड्यांची मोठी ट्रायल झाली आणि २०२५ मध्ये निकाल आला: प्लासिबोपेक्षा काडीचा फरक नाही. त्या दोन वर्षांत प्लासिबो मिळालेल्यांनी काय गमावलं? काही नाही. दर आठवड्याची सुई दोन्ही गटांना होती, उलट मळमळ औषधवाल्यांच्याच वाट्याला जास्त.

म्हणून मला वाटतं तुम्ही प्लासिबोला घाबरताय ते चुकीच्या जागी घाबरताय. खरा त्रास "ऑफ"च्या सकाळी असतो. काही व्हिजिटना आदल्या रात्रीपासून सिंडोपा द्यायची नसते, म्हणजे औषधाविना अवस्था मोजता येते. सकाळी आठला मुलगा किंवा सून त्यांना धरून आणते. दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटतात, पुढे पडतच नाहीत. मग डॉक्टर बोटं अंगठ्यावर टपटप आपटायला सांगतात, मूठ उघड-मीट करायला लावतात, शेवटी मागे उभं राहून खांदे झटकन खेचतात, तोल सावरतो का बघायला. हे सगळं झालं की गोळी. अर्ध्या-पाऊण तासाने तोच माणूस चहा घेता घेता माझ्याशी क्रिकेटवर बोलत असतो. पण मधला तो वेळ घरच्यांना बघवत नाही, आणि रिक्षातून आणताना पडण्याची भीती असते ती वेगळीच. तेव्हा आधीच विचारा: अशा सकाळी किती, गाडीभाडं मिळतं का, सोबत कोण येणार.

दुसरं म्हणजे डायरी. दर अर्ध्या तासाचा एक चौकोन: झोप, ऑफ (औषधाचा असर ओसरलेला), ऑन (असर चालू), किंवा अंगाच्या त्रासदायक, अनावर वळवळीसह ऑन. अर्धी घरं ती पार्किंगमध्ये बसून एका दमात भरतात, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात. आम्हाला लगेच कळतं. तुमच्या घरी हे इमानदारीत भरायला कोणी नसेल तर भाग न घेतलेला बरा, कारण अनेक ट्रायल्समध्ये त्यावरच औषधाचा निकाल ठरतो.

आणि कवचबीज, म्हणजे खाजकुयलीच्या बिया. कोणीतरी सांगितलेलं असतं, मग आई दुधातून चूर्ण देते आणि आम्हाला सांगत नाही. आयुर्वेदाचं वावडं नाही मला. उलट या बियांत लेव्होडोपाच, म्हणजे सिंडोपातलंच मुख्य औषध, असतो, १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी तो वेगळा काढून दाखवला होता. म्हणूनच ट्रायल चालू असताना ते लपवून देऊ नका, सिंडोपावर आणखी सिंडोपा दिल्यासारखं होतं.

ट्रायलमध्ये माणसांना गिनिपिग बनवतात, ही आत्यांची शंका राहिली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे ट्रायल्समध्ये गैरप्रकार झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा ती अनाठायी नाही. त्यातूनच नियम कडक झाले आणि २०१९ची नवी औषधं व क्लिनिकल ट्रायल नियमावली आली. ट्रायलला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात, त्यात एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक, एक तरी स्त्री, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. गंभीर काही झालं तर डॉक्टरांनी चोवीस तासांत कळवायचं असतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही.

संमतीपत्र घरी घेऊन या. मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. सही लगेच मागत असतील तर तिथेच थांबा. भरपाईचं पान, कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन नंबर आणि "कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल, नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही" हे वाक्य शोधा. ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का, हेही विचारा. आपोआप राहत नाही, त्याच्या अटी आहेत.

सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची नोंदवही, तिच्या सरकारी वेबसाइटवर ट्रायलची नोंद तपासता येते, २००९ पासून ती सक्तीची आहे. एक लक्षात घ्या, नोंद म्हणजे परवानगी नव्हे. काही क्लिनिकं तो नंबर परवान्यासारखा भिंतीवर लावतात. नोंदीत पैसे कोण घालतंय, कुठल्या एथिक्स कमिटीने मान्यता दिली आणि औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का, ते वाचा. पेशंटकडून औषधाचे पैसे मागत असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

बाबांना स्वतःला काय वाटतं ते तुमच्या प्रश्नात कुठेच आलं नाही. सही त्यांची आहे, आत्यांची किंवा तुमची नाही. पुढच्या व्हिजिटला त्यांना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. आवाज बारीक झाला असेल तर जरा वेळ लागेल, लागू द्या.