जुन्या तबकडीचे मोल

प्रश्न : माझे काका मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. त्यांच्या पेटीत साठच्या दशकातील एका अमेरिकी गॅरेज रॉक (हौशी तरुणांचे साधे, रांगडे रॉक संगीत) बँडची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) छोटी तबकडी सापडली. तीच तबकडी ईबेवर दीड लाख रुपयांना लावलेली दिसते. ती विकावी का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, कापसाला भाव सांगणारे पुष्कळ भेटतात, काटा झाल्यावर हाती पडतो तो खरा. म्हणून प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत. डिस्कॉग्ज या तबकड्यांची नोंद आणि खरेदी-विक्री होणाऱ्या संकेतस्थळावर ते मिळतात. त्या काळच्या अनेक गॅरेज रॉक बँडांनी आपल्या गावापुरत्या काहीशे प्रतीच काढल्या होत्या, आणि १९७२ मध्ये गिटारवादक आणि संगीतलेखक लेनी के यांनी संकलित केलेला ‘नगेट्स’ हा अशा गाण्यांचा संग्रह निघाल्यावर संग्राहकांचे लक्ष या संगीताकडे नव्याने वळले. त्यामुळे कोणी न ऐकलेली तबकडी गाजलेल्या तबकडीपेक्षा महाग ठरते, कारण लाखोंनी खपलेली आजही सहज मिळते. आपली प्रत मूळ आहे की नंतर काढलेली, हे लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकावरून बरेचसे ताडता येते. ओरखडे असल्यास ते स्पष्ट सांगावेत, कारण दर्जा एक पायरी उतरला तरी किंमत बरीच घसरते. घाई करू नये, असे माझे मत आहे. मात्र तोवर ती पेटी टिनाच्या छपराखाली ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात व्हिनाइल, म्हणजे तबकडीचे प्लास्टिक, वाकते. तबकडी उभी आणि थंड खोलीत ठेवावी.