कूलर थेंब थेंब गळतोय, दुकानदार म्हणतो एवढं चालतं

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकच होती. वस्तू नवी आहे, चालतेय पण, फक्त काहीतरी बारीकसं बिघडलंय आणि दुकानदार हात झटकतोय. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही पोरी माहेरी येणार म्हणून साडेनऊ हजाराचा कूलर घेतला. चौथ्या दिवसापासून टाकीच्या बुचाजवळून पाणी गळतंय, धार नाही, थेंब थेंब, पण सकाळपर्यंत अर्धी खोली ओली होते. दुकानात तीनदा जाऊन आलो. एकदा मिस्त्रीने एमसील लावून दिलं, ते दोन दिवस टिकलं. आता मालक म्हणतो, "काका, प्लास्टिकच्या टाकीला एवढं तं चालतंच, वॉरंटी मोटर अन् पंपाला आहे, बॉडीला नाही." बिलावर पण छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी भांडणं बरं दिसतं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, कायद्याचं नंतर बघू, आधी एक काम करा. तो कूलर आत्ता बंद करा आणि प्लग काढून ठेवा. खाली पाणी साचलेलं, वरून वायर गेलेली, घरात लेकी आणि नातवंडं अनवाणी फिरणार. पाणी आणि करंट एकत्र आले की दोष बारीक राहत नाही, आणि हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. भुसावळचा मे महिना कूलरशिवाय काढणं किती अवघड आहे ते माहीत असूनही सांगतोय, दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

आता तुमच्या हक्काचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे त्यात मोठा दोष आणि छोटा दोष असा फरकच केलेला नाही. गुणवत्तेत, प्रमाणात, शुद्धतेत किंवा दर्जात जी काही उणीव असेल तो दोष, आणि तो दर्जा कायद्याने ठरलेला असो, करारात स्पष्ट लिहिलेला असो, न लिहिता गृहीत धरलेला असो की विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला असो. कूलरच्या टाकीत पाणी टिकलं पाहिजे हे कुठल्या कार्डावर लिहून द्यायची गरज नाही, ते गृहीतच असतं. वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीने दिलेलं वचन, त्यात बॉडी नाही म्हणून पहिल्या आठवड्यात गळणारी टाकी तुमच्या गळ्यात मारता येत नाही.

बिलावरच्या त्या छापील ओळीला पण घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणून तारखा मोजा आणि उद्याच लेखी द्या, तोंडी बोलण्यात तुमचे बरेच दिवस आधीच गेलेत.

पण काका, खरं ते सांगायला हवं, टाकी गळते म्हणून अख्खा नवा कूलर मिळेलच असं नाही. २००६ साली मारुतीच्या एका गाडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं होतं, की बिघाड क्लचचा असेल आणि तो भाग बदलून काम होत असेल तर पूर्ण गाडी बदलून द्या असं सांगता येणार नाही. त्यामुळे मागणी पायरीपायरीने करा. आधी टाकी बदलून द्या, एमसील नको. नवी टाकी पण गळली किंवा ती देतच नसतील तर कूलर बदलून द्या, नाहीतर पैसे परत द्या. तक्रारीवर निकाल देणारा ग्राहक आयोग दोष दूर करणं, वस्तू बदलणं, किंमत परत करणं आणि नुकसानभरपाई यातलं काहीही सांगू शकतो, आणि एकच दोष दुरुस्तीनंतर पुन्हा उगवला हे दाखवता आलं तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. म्हणूनच मिस्त्री येऊन गेला की जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, मागायचीच, त्यावर तारीख आणि काय तक्रार होती ते लिहून घ्यायचं, देत नसेल तर त्याच संध्याकाळी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर टाकायचं की आज तुमचा माणूस येऊन एमसील लावून गेला, गळती अजून चालू आहे. सोबत ओल्या फरशीचा व्हिडिओ. तुमच्या तीन चकरांचा आत्ता काहीच पुरावा नाही, याचं मला जास्त वाईट वाटतंय.

दुकानदार आणि कंपनी दोघांच्या नावाने पत्र लिहा, स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत १९१५ ला फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते आदेश देत नाहीत, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून पाठपुरावा करतात, पण बऱ्याचदा दुकानात अडलेलं काम तिथे सुटतं. नाहीच झालं तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते.

आणि भांडणं बरं दिसतं का हे विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या आईने मिक्सर घेतला होता, त्याचं झाकण पहिल्या दिवसापासून नीट बसायचं नाही, ती म्हणायची जाऊ दे, हाताने दाबून धरते. वर्षभर दाबून धरलं. एकदा गरम वाटण उडून मनगट भाजलं तिचं. तोवर बिल पण कुठे गेलं कळलं नाही. पैसे पूर्ण मोजलेत तर वस्तू पूर्ण मागायची, त्यात भांडण कसलं?

प्रश्न : बॅटरीचा फवारणी पंप घेतला, कापसासाठी. महिन्याभरातच बटण अडकायला लागलं, दोनदा दाबलं की सुरू होतो कधी कधी. दुकानदार म्हणतो, शेती हा धंदा आहे, तू ग्राहकात बसत नाही.
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : बसतो भाऊ, नक्की बसतो. नफ्यासाठी पुन्हा विकायला किंवा व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू वगळलेली नाही. शिलाई मशीन घेऊन घरी ब्लाऊज शिवणारी ताई ग्राहकच, आणि स्वतःच्या रानात फवारणारा शेतकरी पण ग्राहकच. बियाण्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेतकरी ग्राहक असल्याचं स्पष्ट सांगितलंय. बटण ही बदलता येणारी गोष्ट आहे, तेवढंच मागा, पण लगेच मागा, कारण फवारणीचा दिवस चुकला की बटणाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. पंप स्वतः उघडू नका किंवा गावातल्या मेकॅनिककडून उघडवू नका, नंतर "तुम्हीच खोलला" म्हणायला त्यांना जागा मिळते.

प्रश्न : धुळ्याला सेलमध्ये साडी घेतली, घरी बघितलं तर काठाजवळ धागे ओढलेले. बिल दिलं नाही, साध्या कागदावर रक्कम लिहून दिली. सेलचा माल परत नाही म्हणतात.
– एक ताई, अमळनेर

उत्तर : ताई, सेल आहे म्हणून फाटका माल विकायची परवानगी मिळत नाही. हां, साडीत खोट आहे असं आधी सांगून, दाखवून कमी किमतीत दिली असेल तर मात्र तक्रारीत दम राहत नाही, आणि नुसता रंग आवडला नाही म्हणून परत करणं हा सुद्धा हक्क नाही, ती दुकानदाराची मर्जी. तुमचं तसं दिसत नाही. बिल न देणं हीच वेगळी अनुचित प्रथा आहे. तो कागद जपून ठेवा, फोनवरून पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, साडीवरचं लेबल तोडू नका, धुवू नका, नेसू नका. धुळ्याला जायची चक्कर वाचवायची असेल तर आधी १९१५ वर नोंदवा. आयोगात जायची वेळ आलीच तर धुळ्याला जावं लागणार नाही, तुम्ही राहता तिथल्या म्हणजे जळगावच्या आयोगात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने ही सोय दिली आहे.