पावणेदोन वर्षांचा मुलगा बागेत ‘काहीच खेळत नाही’, नुसते दगड उचलतो. त्याला कोणते खेळ शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे आणि तुम्ही त्याला रोज बाहेर नेता. पण घसरगुंडीकडे तो ढुंकूनही बघत नाही. माती उकरतो, दगड उचलून इकडचे तिकडे करतो, काटकी ओढत फिरतो, मधूनच माती तोंडात घालतो. दुसऱ्या मुलांशीही खेळत नाही. म्हणून त्याला कोणते खेळ शिकवावेत आणि एखादा ॲक्टिव्हिटी क्लास लावावा का, असं विचारलंय.

खेळ शिकवू नका, क्लास तर मुळीच लावू नका. तुम्ही वर्णन केलंय तो खेळच आहे. या वयाचा खेळ असाच दिसतो आणि तो चांगला चाललाय.

मी पाळणाघरात काम करते. दीड ते तीन वर्षांची मुलं रोज मोकळ्या जागेत सोडायची आणि आपण बसून राहायचं, हा माझ्या कामाचाच एक भाग. (नातेवाइकांना हे काम वाटत नाही, ते सोडा.) ‘आमचं मूल बाहेर काही करतच नाही’ ही तक्रार मी पालकांकडून सारखी ऐकते. ती करणाऱ्याने मूल काय करतंय ते सहसा पाच मिनिटं सलग बघितलेलं नसतं.

आमच्याकडचा एक मुलगा, नुकताच दोन वर्षांचा झालेला. झाडाखाली खडे-दगड पडलेले असतात आणि थोड्या अंतरावर तोडलेल्या झाडाचा बुंधा आहे. त्याला दगड त्या बुंध्यावर न्यायचे होते. का, ते त्यालाच ठाऊक. आधी सगळ्यात मोठा धरला, दोन्ही हात लावले, हलेना. मग बसकण मारून पायाने ढकलला, तो अर्धा वळला आणि थांबला. तो नाद सोडून त्याने दोन्ही हातांत एकेक छोटा दगड घेतला. तिसराही हवा होता, पण हात संपले. तिसरा हनुवटीखाली धरून उभा राहायला गेला, पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मग हातातले दोन्ही खाली ठेवले आणि तिघांकडे बघत बसला. शेवटी दोन घेऊन गेला, तिसऱ्यासाठी परत आला. बुंध्याचा माथा एका बाजूला उतरता असल्यामुळे ठेवलेला दगड घरंगळून खाली यायचा. दोन-तीनदा तसं झाल्यावर लाकडातली चीर त्याच्या बोटाला लागली. दगड तिच्यात दाबून बसवला, तो राहिला. मग पुढचे सगळे त्या चिरेतच.

वजन, उतार, हातात मावणं-न मावणं, दोन खेपा करणं, हे सगळं एका जागी झालं आणि एक शब्दही कुणी शिकवला नव्हता. तेवढ्यात त्याला न्यायला आजोबा आले. माणूस अतिशय प्रेमळ. ‘अरे वा, केवढे दगड आणलेस! चल मोजू या. एक… दोन… पुढे काय?’ मुलाने त्यांच्याकडे बघितलं, हातातला दगड टाकला आणि कडेवर घ्या म्हणून हात वर केले. खेळ संपला. आजोबांना वाटलं, तो कंटाळला होता.

वस्तू इथून तिथे वाहून नेणं, झाकणं-उघडणं, वरून खाली टाकणं, गोल फिरवणं अशा कृती मुलं या वयात झपाटल्यासारखी करतात. बालशिक्षणात त्यांना स्कीमा म्हणतात. मूळ कल्पना स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची. ब्रिटनमध्ये क्रिस ॲथी यांनी १९७० च्या दशकात छोट्या मुलांच्या खेळात त्या बारकाईने टिपल्या. तुमचा मुलगा सध्या वाहतुकीत आहे, एवढंच. त्याला एक छोटी बादली किंवा जुनी पिशवी देऊन बघा. ‘यात भर’ म्हणू नका, नुसती जवळ ठेवा.

घसरगुंडी नको वाटते याचंही कारण साधं आहे. घसरगुंडीवर एकच गोष्ट करता येते. वर जा, खाली या. दगडाचं काय काय करता येतं ते त्यानेच ठरवायचं असतं. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये हे ‘सुट्या वस्तूं’च्या सिद्धान्तातून मांडलं: एखाद्या जागेत बदलता-हलवता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकी शोधाला आणि कल्पकतेला जागा जास्त. त्याच्याही आधी डेन्मार्कमधले उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांच्या लक्षात आलं होतं की आखून दिलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी पडलेल्या भंगारात जास्त रमतात. त्यातूनच १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रप इथे पहिलं ‘भंगाराचं क्रीडांगण’ सुरू झालं. ते मोठ्या मुलांसाठी होतं, पण तत्त्व तेच. तुमच्या मुलाला भंगार लागत नाही, झाडाखालचा पालापाचोळा पुरतो.

दुसऱ्या मुलांशी खेळत नाही याची काळजी तर अजिबात नको. दोन वर्षांच्या आसपासची मुलं शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळतात, चोरून एकमेकांचं बघतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच याची ‘समांतर खेळ’ म्हणून नोंद केली. ‘जा, दादाशी खेळ’ म्हणत ढकलल्याने समांतर रेषा एकत्र येत नाहीत.

मग तुम्ही काय करायचं? तुमचं काम आहेच, फक्त ते मुलाला खेळवण्याचं नाही.

पहिलं काम जागेचं. हिरवीगार, कातरलेली सपाट हिरवळ मोठ्यांना आवडते, या वयाच्या मुलाला तिथे करण्यासारखं फार कमी असतं. थोडा चढ-उतार, झाडाची वर आलेली मुळं, सावली, उकरता येईल अशी माती, गळालेली पानं-काटक्या असल्या की झालं. जागा मोठी नको, दोन-तीन झाडांची पुरते. सोडण्याआधी एकदा स्वतः चालून बघा: काचा, तारा, खिळे, कुत्र्या-मांजरांची घाण, मुंग्यांचं वारूळ, उघडं पाणी. ओळखता न येणारी फळं आणि बिया काढून टाका, किंवा जागाच बदला. ही पाहणी नीट केली की पुढचा तासभर ‘नको, नको’ म्हणत मागे धावावं लागत नाही.

दुसरं काम बसण्याचं. त्याच्यापासून थोडं दूर, जमिनीजवळ बसा. फोन पिशवीत ठेवा. हे मी शिस्तीसाठी सांगत नाही. या वयाचं मूल काही नवीन दिसलं, थोडं अडखळलं की आधी आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतं आणि पुढे जायचं की परत यायचं ते तिथून ठरवतं. तुम्ही स्क्रीनमध्ये असलात तर त्याला उत्तर मिळत नाही. तुम्ही दचकून ‘अगं बाई!’ केलंत तर न लागताही ते रडतं. चेहरा शांत ठेवायचा. सगळ्यात अवघड भाग हाच आहे, खरं सांगते.

तिसरं काम गप्प बसण्याचं. त्याने काही आणून दाखवलं तर बघा, बोला, नाव विचारलं तर सांगा. पण तो पाठ करून कामात असेल तर रंग विचारू नका, मोजायला लावू नका, ‘किती छान’सुद्धा नको. ‘सांभाळून हं’, ‘पडशील’ हेही कमी करा. कशापासून सांभाळायचं ते त्याला कळत नाही, फक्त तुम्ही घाबरलाय एवढं कळतं. बोलायचंच असेल तर नेमकं बोला: ‘ते लाकूड हलतंय’, ‘इथे ओलं आहे, पाय घसरतो.’

पडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा जीव तिथेच अडकलेला असतो. कॅरेन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना नुसती मोजदाद केली. सरासरी आली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! पडणं हा चालायला शिकण्याचाच भाग आहे. मूल बुटकं, वजनाने हलकं, जमीन जवळ, त्यामुळे बहुतेक वेळा काही होत नाही. पडल्यावर झेप घेऊन उचलू नका. थांबा, त्याला ठरवू द्या. खरंच लागलं असेल तर ते तुमच्याकडे येईलच.

चढण्याच्या बाबतीत मी एक नियम कधी मोडत नाही: मूल स्वतः चढून जाऊ शकत नाही अशा ठिकाणी त्याला उचलून ठेवायचं नाही. बुडापेस्टमधल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांच्या कामातून हा विचार आलाय. मूल जिथे आपल्या बळावर चढतं, तिथून उतरण्याची शक्यताही त्याच्यात बऱ्यापैकी असते. तुम्ही उचलून फांदीवर बसवलंत तर त्याला ना उंचीचा अंदाज, ना परतीची वाट. ‘वर घे’ म्हणून हट्ट धरला तरी खालीच बसा, हात मागे तयार ठेवा आणि त्याचं त्याला झगडू द्या.

आता जिथे ढिलाई चालत नाही ते. पाणी सगळ्यात आधी. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना ओरडत नाही, हात मारत नाही. आवाजच येत नाही. त्यामुळे पाण्याच्या जवळ बाकावर बसून लक्ष ठेवणं पुरेसं नाही. हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे, इतकं जवळ. डबक्यात उड्या मारताना मारू द्या, पण तिथे तुम्ही उभंच राहायचं. दुसरं, घशात अडकणाऱ्या वस्तू. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना साधारण ३.२ सेंटीमीटर रुंदीची नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती धोक्याची. तुमचा मुलगा अजून वस्तू तोंडात घालतो, म्हणून त्याचे दगड मुठीएवढे असू द्या, बारीक खडे नकोत. गळ्यात दोरी, ओढणी, टोपीचे लोंबते बंद काहीही नको, फांदीत अडकतं. उन्हात तापलेल्या लोखंडी घसरगुंडीला हात लावून बघितल्याशिवाय मुलाला जवळ सोडू नका. आणि रस्त्याकडची बाजू बंद नसेल तर ती जागाच नको. यापलीकडे खरचटणं, टेंगूळ, काटा, मुंगी चावणं हे होणारच. साबण-पाण्याने धुवायचं आणि पुढे जायचं. धनुर्वाताची लस वेळापत्रकाप्रमाणे झालीय ना, एवढं एकदा तपासून घ्या.

मातीचं म्हणाल तर चाखणं आणि खाणं यात फरक करा. मधूनच चिमूटभर तोंडात जाणं, तोंड वाकडं करून थुंकणं हे चाखणं. रोज शोधून, हट्टाने खात असेल तर डॉक्टरांना दाखवा, रक्तात लोह कमी असण्याशी त्याचा संबंध असू शकतो. खेळून आल्यावर आणि खाण्याआधी हात धुणं, नखं कापलेली असणं, घाणेरड्या मातीत पायात बूट असणं, एवढं पाळलं की निम्मी काळजी मिटते. जिथे जंतांचा प्रादुर्भाव जास्त आहे तिथे जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या मुलापासून जंताचं औषध द्यायला सांगते, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. पण मातीला हातच लावू नये असं नाही. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि झाडोरा आणून पसरला आणि २८ दिवसांनी तपासलं. तीन ते पाच वर्षांच्या त्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली होती, रक्तात प्रतिकारशक्तीचा समतोल सुधारल्याच्या खुणाही होत्या. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, काळही थोडा, त्यामुळे यावरून आजारपणं टळतात असं म्हणू नये. ‘शी, टाक ते!’ मात्र थोडं कमी म्हणता येईल.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, आणि एका वेळी तासाहून जास्त बाबागाडीत वगैरे बांधून ठेवू नये असंही. हे सगळं एकदम आणि बाहेरच व्हायला हवं असं नाही. पण माझ्या मते वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्यांपेक्षा सलग एक तास बरा. सुरुवातीचा बराच वेळ मूल नुसतं भटकतं, तुमच्या पायाशी येतं, ‘कंटाळलंय’ असं वाटतं. दगड-बुंध्यासारखा खेळ त्यानंतर सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच आपण चपला घालत असतो.

भुरभुर पाऊस, गार हवा यामुळे घरी बसवायची गरज नाही. सर्दी विषाणूने होते. कपडे पुरेसे द्या, ओला झाला की बदला. कडक ऊन आणि विजा मात्र टाळा.

निघताना रडारड होईल. ‘पाच मिनिटांत जायचं’ याला या वयात काही अर्थ नसतो. ‘आणखी दोन दगड ठेव, मग जाऊ’ हे कळतं, कारण दोन दगड दिसतात. तरी रडला तर उचलून न्या, त्यात काही वाईट नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी न्या, रोज नवी बाग शोधू नका. आमच्या त्या मुलाने चिरेत बसवलेले दगड सकाळी तसेच होते. तो थेट तिथे गेला आणि ते काढायला लागला.